ओल्या भिंतीवरचे आठ थर

आमच्या यांची एक खोड आहे. कुणाच्याही घरी गेलो की माणसांशी बोलायच्या आधी हे भिंतीशी बोलतात. हातात चहाचा कप, तोंडाने "हो, हो, बरं चाललंय", आणि दुसऱ्या हाताची नखं हळूच भिंतीवरून फिरतायत. लग्नानंतर पहिल्यांदा माझ्या मावशीकडे गेलो, तर मावशीच्या यजमानांना यांनी तोंडावर सांगितलं, "पहिला हात पातळ मारलाय. फसवलं तुम्हाला." मी लाजेने अर्धी झाले. मावशी अजून टोमणे मारते.

माणूस रंगारी आहे, पंचवीस वर्षं. कामात खोट काढून दाखवा, मी स्वतः येऊन तुमच्या पाया पडेन. ब्रश नुसता कडेने असा ओढतात की पट्टी लावल्यासारखी रेघ येते. पण या कामापायीच आमच्या घरात जे झालं ते मी आज सांगणार आहे, आणि चिडूनच सांगणार आहे. शांतपणे सांगून बघितलं, जमत नाही.

आमचं घर भाड्याचं. तळमजल्यावर दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत ओटा, गॅस आणि यांच्या रंगाच्या डब्यांची चळत. आतली खोली झोपायची. त्या आतल्या खोलीच्या एका भिंतीतून वरच्या मजल्यावरच्या न्हाणीघराचा पाइप खाली येतो. हे आम्हाला तेव्हा माहीत नव्हतं. घर बघायला गेलो तेव्हा मी खिडक्या मोजल्या, नळाला पाणी किती वेळ येतं ते विचारलं. यांनी नेहमीप्रमाणे भिंतीला नखं लावली आणि म्हणाले, "चुन्याचा पिवळा हात आहे, जुना. मी करेन छान." झालं! त्या एका वाक्यावर आमचं घर ठरलं.

पहिल्याच वर्षी कोपऱ्यात बशीएवढा तपकिरी डाग आला. मी म्हटलं, "मालकांना सांगा."

"एवढ्याशा डागासाठी?" हे म्हणाले. "अगं, लोक हसतील. रंगाऱ्याच्या घरात डाग!"

आणि रविवारी सकाळी खरवडायला बसले. पोपडे काढले, वरून कसलंसं पाणी अडवणारं द्रावण मारलं, पुट्टी भरली, पॉलिश पेपर फिरवला, रंगाचे दोन हात दिले. संध्याकाळी भिंत अशी गुळगुळीत की शेजारीण बघायला आली. खोटं कशाला बोलू, मीही दारात उभी राहून बघत होते. आपला नवरा हुशार आहे असं वाटलं. वाटू नये का?

पुढच्या वर्षी डाग ताटाएवढा. त्याच्या पुढच्या वर्षी कंबरेपर्यंत. दरवर्षी यांचा तोच रविवार, तीच पुट्टी. पाच-सहा वर्षांत मी शंभरदा म्हटलं असेन, मालकांना सांगा. शेवटी एकदा मालक समोर आले तेव्हा यांनी तोंड उघडलं. आमच्या मालकांना आम्ही घरात 'बघूया' म्हणतो, कारण काहीही सांगा, त्यांचं उत्तर तेच.

"मालक, आतल्या भिंतीला जरा ओल येते."

"हो का? बघूया."

एवढं बोलून गप्प राहावं ना माणसाने? नाही. हे लगेच पुढे म्हणाले, "तसं काही नाही, मी करून घेतो दरवर्षी." मी मागून असा चिमटा काढला की दोन दिवस दंड काळानिळा होता. पण बोललेलं काय परत येतं? मालक खूश होऊन गेले. का नाही होणार!

आता माझीही अक्कल सांगते, म्हणजे सगळं यांच्याच माथी मारते असं नको. मी झेरॉक्सच्या दुकानात कामाला आहे. बारा वर्षं. भाडेकराराचे कागद माझ्या हाताखालून रोज जातात. लोक येतात, "ताई, तीन प्रती द्या," म्हणतात, मी देते. कुठलं पान वर, कुठलं खाली, शिक्का कुठे उमटला नाही, सगळं बरोबर बघते. आणि इतक्या वर्षांत त्या कागदांतली एक ओळ वाचली नाही. आमचा स्वतःचा करारही नाही. यांनी मालकांच्या गाडीच्या बॉनेटवर ठेवून सही केली होती. घरी आणून डब्यांच्या खाली एका पिशवीत टाकला, आणि वर वीस लिटरचा प्रायमर ठेवला.

मग गेल्या वर्षी चिंगीचं सुरू झालं. चिंगी आमची मुलगी, सहा वर्षांची. आधी नुसता खोकला. मग रोज सकाळी छातीतून शिट्टी वाजल्यासारखा आवाज. मग जिना चढली की ओठ निळसर. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, वाफारा दिला आणि पहिला प्रश्न विचारला, "घरात ओल आहे का?"

मी तोंड उघडायच्या आत हे म्हणाले, "नाही, नाही. भिंत एकदम छान आहे."

मी यांच्याकडे बघितलं. हे खरंच मनापासून बोलत होते हो! यांना ती भिंत छानच वाटत होती.

डॉक्टरीणबाईंना मी खरं ते सांगितलं. त्या म्हणाल्या, भिंतीत ओल असेल तर वरून कितीही रंग मारा, मुलीला तिथे झोपवू नका. मग कुठे झोपवू? बाहेरच्या खोलीत झोपवलं, तर तिथे टर्पेंटाइनचा वास. ती आणखी खोकायला लागली, म्हणून परत आतच घेतलं. घर सोडा म्हणणं सोपं आहे. मी दोन महिने चपला झिजवल्या. एक घर पाचव्या मजल्यावर, लिफ्ट बंद. दुसऱ्या ठिकाणी मालकीणबाईंनी विचारलं, "मुलगी फार खोकत नाही ना?" मी तशीच बाहेर पडले.

एक दिवस दुकानात एका वकिलांचा कारकून प्रती काढायला आला. नेहमीचा. मी मशीनवर आदळआपट करत होते, तर म्हणाला, "ताई, काय झालं?" मी भडाभडा सगळं सांगितलं. तो माझ्या तोंडाकडे बघतच राहिला. हातातला कागद पुढे केला, "अहो, आत्ता तुम्ही ज्याच्या प्रती काढताय, त्यातलं नववं कलम वाचा."

वाचलं. भिंतीतली गळती, छत आणि पाण्याच्या नळ्या यांची दुरुस्ती मालकाने करायची. भाडेकरूने लेखी कळवल्यापासून तीस दिवसांत.

घरी येऊन प्रायमरचा डबा सरकवला, पिशवी काढली. आमच्या करारातही तेच नववं कलम, शब्दन् शब्द. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. यांच्यावर चिडू की स्वतःवर, कळेना. लेखी कळवल्यापासून! आठ वर्षांत आम्ही मालकांना एक चिठ्ठी लिहिली नव्हती.

त्या कारकुनानेच रस्ता सांगितला. मालकांना पत्र द्या, पोच घ्या. तीस दिवसांत काही झालं नाही तर भाडेकरूंच्या तक्रारींचं कार्यालय आहे, तिथे अर्ज करा. तपासनीस येऊन भिंत बघतात. त्यांनी ओल आहे असं लिहून दिलं की मालकांना पाइप बदलावाच लागतो.

पत्र दिलं. मालक म्हणाले, "बघूया." तीस दिवस गेले. अर्ज केला. सोबत फोनवर काढलेला भिंतीचा फोटो जोडला, आणि मी शहाणीने तो आमच्याच दुकानात काळ्या-पांढऱ्यात काढला. बारा वर्षांचा अनुभव! त्या फोटोत भिंत, बुरशी, सावली, सगळं एकसारखं काळं. कार्यालयातल्या बाई तो उलटा धरून म्हणाल्या, "हे काय आहे?" मी काय सांगणार, कपाळ माझं.

त्या एवढंच म्हणाल्या, "तपासनीस येतील. तोपर्यंत भिंत आहे तशी ठेवा."

घरी येऊन यांना समोर बसवलं. "ऐका. भिंतीला हात लावायचा नाही. ब्रश नाही, खरवडायची पत्ती नाही, ओलं फडकंसुद्धा नाही. कबूल?"

"कबूल," म्हणाले. पण चेहरा असा की मी यांचं जेवण बंद केलंय.

पहिली तारीख मिळाली. मी दुकानातून सुट्टी घेतली. तपासनीस आले नाहीत. दुसरी तारीख तीन आठवड्यांनी. पुन्हा सुट्टी, पुन्हा नाही. फोन केला तर, "साहेब दुसऱ्या भागात गेलेत, कळवू." इकडे भिंत रोज वर चढत होती. काळे ठिपके, मग ठिपक्यांना पांढरी लव, मग पोपडे गादीवर पडायला लागले. हे भिंतीकडे पाठ करून झोपायचे. जेवताना मधेच बोटांनी हवेत पत्ती फिरवल्यासारखं करायचे. मी डोळे वटारले की हात मांडीखाली.

आणि चिंगीची शिट्टी वाढत होती. एका दुपारी शाळेतून बाईंचा फोन आला, हिला बसून राहिलं तरी धाप लागतेय. यांनीच जाऊन तिला आणलं, दवाखान्यात नेलं, तिथून तिच्या आत्याकडे ठेवून आले. मला दुकानात फोनवर सांगितलं, ती आत्याकडे आहे, बरी आहे. आवाज वेगळा होता. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी चार वाजता मी घरी आले, तर दारातच ताज्या रंगाचा वास. आतली भिंत पांढरीशुभ्र. कोपऱ्यातली रेघ पट्टी लावल्यासारखी. हे स्टुलावर बसलेले, केसांत पुट्टीची पूड.

मी पर्स फेकली. नेम चुकला म्हणून, नाहीतर लागलीच असती. "तुम्हाला काय सांगितलं होतं मी? काय सांगितलं होतं?"

"ती बुरशी तिच्या उशीवर पडत होती," हे म्हणाले. "मी रंगारी आहे. माझी पोर गुदमरतेय आणि मी भिंतीकडे बघत बसू? किती दिवस? सांग ना, किती दिवस?"

मी आणखीच ओरडले. त्या रात्री आम्ही दोघंही जेवलो नाही.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, मी डबा भरत असताना, न कळवता, तपासनीस दारात.

सडपातळ माणूस, काखेत फाइल. आत गेले, भिंतीसमोर उभे राहिले. तळहात ठेवला. बोटांनी ठोकलं.

"इथे ओल आहे?"

"आहे साहेब," मी म्हटलं. "यांनी काल..." आणि वाक्य पुरं होईना. काय सांगणार, यांनी काल रंगवली?

"भिंत कोरडी आहे. रंगही नवीन आहे." त्यांनी पेन काढलं. "मला दिसतं ते मी लिहितो."

मी फोनवरचा फोटो दाखवला. ते म्हणाले, "हा नुसता डागाचा आहे. भिंत कुठली, तारीख काय, यातून कसं कळणार?" आणि लिहायला लागले. भिंत, मग स्वल्पविराम, मग सुस्थितीत. मला उलटी अक्षरं वाचता येतात, दुकानात सवय झालीये.

मग माझं डोकंच फिरलं. यांच्या पिशवीतून मी पत्ती ओढली आणि त्या पांढऱ्याशुभ्र भिंतीवर घातली. खर्रकन आवाज झाला. दुसरा घाव, तिसरा. वेडीवाकडी, जमेल तशी.

"अगं! अगं, अशी नाही धरत!" हे ओरडले. "आडवी धर! भिंत फाडतेस की काय!"

"फाडणार! तुमची भिंत फाडणार!"

यांनी माझ्या हातातून पत्ती घेतली. मला वाटलं, आता बाजूला ठेवतील. क्षणभर हातात धरून उभे राहिले. मग तपासनिसांना म्हणाले, "साहेब, मधे काही सापडणार नाही. मधलं मी दरवर्षी खरवडून टाकतो. कडेला सगळे थर असतात." आणि डागाच्या कडेला, जिथे काल रंगाची कड मिटवली होती, तिथे पत्ती आडवी लावून वीतभर चौकोन उघडायला लागले.

काय सांगू, चोराने स्वतःचा माल काढून दाखवावा तसं चाललं होतं. एकेक थर अलगद सोलत होते. "हा कालचा. हा गेल्या वर्षीचा, खाली डाग दिसतोय ना? ही पुट्टी. हा त्याच्या आदल्या वर्षीचा, हाही डाग. हा फिका निळा, चिंगी झाली तेव्हाचा." पत्ती आणखी खाली सरकवली. "याखालीही डाग आहे. आणि हा मालकांचा जुना पिवळा चुना." मग पत्तीचं टोक प्लास्टरमध्ये रुतवलं. वाळू कोरडी यायला हवी होती. ओली चिकट वाळू यांच्या अंगठ्याला लागून आली, आणि भोकातून पाण्याची बारीक रेघ खाली उतरली. नव्या पांढऱ्या रंगावरून.

तपासनीस ती रेघ बघत राहिले. मग 'सुस्थितीत' खोडून वर काहीतरी लिहिलं.

"हे किती वर्षं चाललंय?"

"आठ," हे म्हणाले.

"आणि लेखी कधी कळवलंत?"

"या वर्षी."

"सात वर्षं का नाही कळवलंत?"

"डाग मी कधी राहूच दिला नाही, साहेब."

तपासनीस रागावले नाहीत, हसलेही नाहीत. फाइल बंद करत म्हणाले, "म्हणजे पाणी आठ वर्षं आतच होतं. तुम्ही फक्त ते कुणाला दिसू दिलं नाहीत."

ते गेल्यावर हे रंगाच्या डब्यावर बसले. हातात पत्ती तशीच. म्हणाले, "ती सहा वर्षं याच भिंतीला लागून झोपते." मला वाटलं होतं, आज मनसोक्त भांडायचं. जवळ जाऊन मी केसांतली पुट्टी झटकली, एवढंच.

अहवाल आला, मालकांना आदेश गेला. मालक तोंड वाकडं करून का होईना, नळवाल्याला घेऊन आले. भिंत फोडली. पाइपला भोक करंगळी जाईल एवढं, सगळा गंजलेला. नवा पाइप टाकला, वरून प्लास्टर केलं, राखाडी, खरखरीत, लाटा दिसतील असं. आणि दोन दिवसांनी मालकांचा फोन आला. मी यांच्या शेजारीच होते, सगळं ऐकू येत होतं.

"पाइपचं झालं. आता रंगाचं तेवढं तुम्ही करून घ्या. घरचेच रंगारी आहात."

हे त्या उघड्या भिंतीकडे बघत होते. यांचा हात शिवशिवत होता, मला दिसत होतं. मी फोन हिसकावून घ्यायच्या तयारीत होते.

"नाही मालक," हे म्हणाले. "भिंत तुमची आहे. मी लेखी कळवतो."

पलीकडून आलं, "बरं, बघूया."

त्याच संध्याकाळी हे पत्र लिहायला बसले. हस्ताक्षर असलं की मीच तीनदा वाचलं तेव्हा लागलं. मी तीन प्रती काढल्या, एकीवर मालकांची सही घेतली. आज अठ्ठाविसावा दिवस. रंगारी काही आलेला नाही. आला तर तो कसला हात मारेल, हे यांना बघावं लागेल, आणि ते यांना सहन होणार नाही, हेही मला माहीत आहे. पण यांनी रंगाचा डबा उघडलेला नाही.

चिंगी परत आतल्या खोलीत झोपते. शिट्टी गेली असं नाही म्हणत मी, डॉक्टरीणबाई म्हणाल्या वेळ लागेल, छातीत गेलेलं एकदम निघत नाही. पण सकाळी उठून धाप लागत नाही आता.

आणि हे रोज सकाळी उठले की आधी त्या राखाडी भिंतीपाशी जातात. नखं लावतात. "कोरडी आहे," म्हणतात. पहिले काही दिवस लगेच विचारायचे, "मारू का एक हात?" मी नुसतं बघायचे. आज विचारलं नाही. नखं भिंतीवरच ठेवून म्हणाले, "पहिल्याच वर्षी सांगायला हवं होतं गं. बशीएवढाच होता."

आठ वर्षं या वाक्याची वाट बघत होते मी. यावर काय काय सुनवायचं, सगळं पाठ होतं. पण चिंगी तिथेच झोपली होती, भिंतीला पाय लावून. मी जेवणाचा डबा उचलला आणि दुकानात गेले.